गोल नंतर मोजू, आधी नोकरी कुठं ते सांगा

मागच्या रविवारी सांगलीत मार्केट यार्डाजवळ भडंग खात उभे होतो. माझा भाचा नववीत आहे, फुटबॉलचं वेड. त्यानं मोबाईल माझ्या नाकासमोर धरला. पडद्यावर जेमी वार्डीच्या कारकिर्दीचा तक्ता होता. हा इंग्लंडचा स्ट्रायकर, म्हणजे सर्वांत पुढं राहून गोल मारणारा, लेस्टर या क्लबाकडून नावाला आला. डावीकडे वर्षं, मग क्लबांची नावं, मग सामने आणि कंसात गोल.

"मामा, लेस्टरच्या आधीचे हे तीन क्लब कुठले? आणि पंचविशीपर्यंत हा माणूस करत काय होता?"

"गोल मारत होता."

"मग कुणी घेतला कसा नाही?"

भडंगाचा कागद चुरगाळेपर्यंत उत्तर जुळलं नाही. घरी आल्यावर लिहायला बसलो. अर्ध-व्यावसायिक स्ट्रायकरचा हा तक्ता क्रिकेटच्या सरासरीसारखा वाचायला गेलं की हमखास चुकतं. त्यातला प्रत्येक आकडा त्या माणसाच्या नोकरीशी बांधलेला असतो, आणि नोकरीचा रकाना तक्त्यात नसतो.

आधी अर्ध-व्यावसायिक म्हणजे काय ते बघू. आपल्याकडं हे समजायला इंग्लंडला जावं लागत नाही. साखर कारखान्याचा मानधनावरचा पैलवान आठवा. महिन्याला खुराकापुरते पैसे, जत्रेतल्या कुस्तीचं इनाम वेगळं, आणि घरी शेती किंवा दुसरं काही असतंच. तो हौशी नाही, कारण पैसे घेतो. पूर्ण व्यावसायिक म्हणावं तर त्या पैशावर घर चालत नाही. इंग्लंडमधल्या छोट्या शहरांतल्या क्लबांत हजारो फुटबॉलपटू असेच खेळतात. दिवसा गवंडी, प्लंबर, शिक्षक, गोदामात कामाला. आठवड्यातून दोनदा संध्याकाळी सराव, शनिवारी दुपारी सामना, अधूनमधून मंगळवारी रात्री दिव्याखाली एखादा. त्याचे ठरलेले पैसे मिळतात.

हा मधला वर्ग कागदावर यायला बराच वेळ गेला. इंग्लंडमध्ये 1885 साली पैसे घेऊन खेळायला अधिकृत मान्यता मिळाली, पण त्यानंतरही जवळजवळ नव्वद वर्षं खेळाडूंच्या दोनच जाती होत्या, हौशी आणि व्यावसायिक. हौशी खेळाडूनं पैसे घ्यायचे नाहीत असा नियम. मग काय व्हायचं? सामना संपवून खेळाडू कपडे बदलायला यायचा तेव्हा त्याच्या बुटात नोटा असायच्या. कुणी ठेवल्या, कुणाला माहीत नाही. शेवटी 1974 मध्ये तिथल्या फुटबॉल असोसिएशननं हा भेदच काढून टाकला आणि सगळे नुसते 'खेळाडू' झाले. आणखी एक गंमत म्हणजे तेव्हाचे पूर्ण व्यावसायिकही काही लोळत नव्हते. 1961 पर्यंत खेळाडूच्या पगाराला वरची मर्यादा होती आणि शेवटी ती आठवड्याला 20 पौंड होती. प्रेस्टन क्लबाचा टॉम फिनी इंग्लंडकडून खेळायचा आणि जोडीला स्वतःचा प्लंबिंगचा धंदा सांभाळायचा.

आता तिथल्या लीगांची शिडी. सर्वांत वर प्रीमियर लीगचे 20 क्लब. त्याखाली चॅम्पियनशिप, लीग वन आणि लीग टू, प्रत्येकी 24. हे 92 क्लब म्हणजे पूर्ण व्यावसायिक जग. पाचव्या पायरीपासून 'नॉन-लीग' सुरू होतं. पाचवीवर नॅशनल लीग (पूर्वीचं नाव कॉन्फरन्स), सहावीवर तिचे उत्तर आणि दक्षिण असे दोन भाग, सातवीवर चार गट, आठवीवर आठ. खाली उतरावं तसे गट वाढतात आणि प्रवास कमी होतो, कारण सोमवारी सगळ्यांना कामावर हजर व्हायचं असतं. पाचव्या पायरीवरचे बरेच क्लब आता पूर्णवेळ खेळाडू ठेवतात. सातव्या-आठव्या पायरीवर मात्र संघाच्या गाडीत उद्याच्या ड्युटीच्या गप्पा चालतात.

1987 पासून पाचव्या पायरीचा विजेता आपोआप वर जाऊ लागला. त्याआधी वर जायला तिथल्या क्लबांची मतं मिळवावी लागत. कुठल्याही सोसायटीच्या निवडणुकीत काय होतं ते आपल्याला ठाऊक आहे. आत बसलेले आतच राहायचे.

वार्डीचा तक्ता आता या शिडीवर ठेवून बघा. शेफील्डचा हा पोरगा शेफील्ड वेन्सडे या क्लबाच्या अकादमीत होता. सोळाच्या आसपास त्याला काढून टाकलं, कारण दिलं की अंगानं लहान आहे. मग तो जवळच्याच स्टॉक्सब्रिज पार्क स्टील्स या क्लबात गेला. नावातच स्टील आहे, गाव पोलादाच्या कारखान्याचं. तिथं त्याला आठवड्याला 30 पौंड मिळायचे. पोट भरायचं ते एका कारखान्यावर. हातापायाला आधार द्यायला डॉक्टर जे स्प्लिंट बांधतात, ते बनवायचा कारखाना. 2007 मध्ये एका पबबाहेरच्या मारामारीत दोषी ठरला, पायाला इलेक्ट्रॉनिक पट्टा बसला आणि संध्याकाळी ठरलेल्या वेळेच्या आत घरी असायची सक्ती आली. लांबच्या सामन्यात तासाभराच्या खेळानंतर त्याला बाहेर काढायचे, आणि तो धावत जाऊन आईवडिलांच्या गाडीत बसायचा.

आता त्या काळातला तक्त्यातला एखादा आकडा वाचा. समजा, सामना मोजलाय एक. प्रत्यक्षात खेळलाय साठ मिनिटं. तक्ता हे सांगत नाही.

स्टॉक्सब्रिजसाठी त्यानं 107 लीग सामन्यांत 66 गोल केले. 2010 मध्ये हॅलिफॅक्सनं त्याला सुमारे 15 हजार पौंडांना घेतलं. हा क्लबही पडून उठलेला, जुना क्लब 2008 मध्ये बुडाला होता आणि नव्या नावानं पुन्हा उभा राहिला होता. पहिल्याच हंगामात हॅलिफॅक्स आपल्या गटात पहिला आला. मग 2011 मध्ये फ्लीटवूडनं सुमारे दीड लाख पौंड मोजले. पाचव्या पायरीवर त्यानं 36 लीग सामन्यांत 31 गोल मारले आणि फ्लीटवूड क्लब इतिहासात पहिल्यांदा फुटबॉल लीगमध्ये, म्हणजे चौथ्या पायरीवर गेला. मे 2012 मध्ये लेस्टरनं दहा लाख पौंड देऊन त्याला उचललं. नॉन-लीगमधल्या खेळाडूसाठी तोवर कुणी इतकी रक्कम दिली नव्हती. वय 25.

भाच्याचा प्रश्न हाच होता. 15 हजार, दीड लाख, दहा लाख. माणूस तोच, पाय तेच. दोन वर्षांत किंमत साठ-सत्तर पट कशी होते?

कारण खालच्या पायरीवरच्या गोलावर वरचे लोक विश्वास ठेवत नाहीत, आणि त्यांचं अगदीच चुकतं असंही नाही. जत्रेत लहान पोरांच्या रेवड्यांवरच्या कुस्त्या लागतात. एखाद्यानं अशा शंभर कुस्त्या मारल्या असतील. म्हणून महाराष्ट्र केसरीच्या गादीवर त्याला कुणी थेट उभा करणार नाही. शंभर विजय खरेच असतात, पण समोर कोण होतं तेही बघावं लागतं. सातव्या पायरीवरचा बचावपटू रात्रपाळी करून आलेला असू शकतो. सत्तराव्या मिनिटाला त्याचे पाय जड होतात, आणि वेगवान स्ट्रायकर तिथंच घुसतो. वरच्या पायरीवर त्याच जागी रोज दोन वेळा सराव करणारा, आहारतज्ज्ञानं आखलेलं जेवण जेवणारा, तुझी दहा सामन्यांची चित्रफीत बघून आलेला माणूस असतो. तू उजव्या पायावर घेणार की डाव्या, हे त्याला तुझ्याआधी माहीत असतं.

दुसरी बाजूही आहे, आणि ती वरच्या लोकांच्या लक्षात येत नाही. खाली मैदान चिखलाचं, मागून येणारे पास अर्धवट, बचावपटू बॉलच्या आधी नडगीवर येणार. पाच पासांपैकी एक नीट आला तर नशीब. त्या एकावर गोल करायची सवय लागलेला स्ट्रायकर वर गेला की त्याला पाचातले चार नीट मिळतात. बचावाच्या पाठीमागं नेमक्या क्षणी पळणं आणि डीमध्ये (गोलसमोरच्या चौकटीत) घाई न करणं या दोन गोष्टी पायरी बदलली तरी टिकतात. बॉल पायात घेऊन विचार करायला जो वेळ मिळायचा, तो मात्र टिकत नाही.

वार्डीलाही पहिल्या वर्षी तो मिळाला नाही. लेस्टरच्या पहिल्या हंगामात लीगमध्ये फक्त 4 गोल. लोक टिंगल करू लागले, आणि तो फुटबॉल सोडायच्या विचारात होता. प्रशिक्षक नायजेल पिअर्सन आणि त्यांचे सहायक क्रेग शेक्सपिअर यांनी त्याला थांबवलं. पुढच्या वर्षी 16 गोल झाले आणि लेस्टर प्रीमियर लीगमध्ये गेलं. वरच्या पहिल्या हंगामात पुन्हा 5. आकडा प्रत्येक नव्या पायरीवर आधी आपटतो आणि मग उठतो, हे त्याच्या तक्त्यात स्वच्छ दिसतं. मग 2015-16. सलग 11 सामन्यांत गोल, रूड व्हान निस्टलरॉयचा 10 चा विक्रम मोडला, हंगामात 24 गोल आणि लेस्टर विजेतं. 2019-20 मध्ये 23 गोल मारून तो लीगमध्ये गोलांत पहिला आला तेव्हा तेहतिशीत होता. तिशीतही हा कसा पळतो, असं सगळे विचारत होते. माझा अंदाज असा की अकादमीतली पोरं सोळाव्या वर्षापासून ज्या चरकात पिळली जातात, त्यात हा उशिरा शिरला. पण हा माझा अंदाज, वैद्यकीय दाखला नव्हे.

2025 मध्ये लेस्टर सोडताना त्याचे सामने झाले होते 500 आणि गोल 200. इथं एक खड्डा आहे, सांभाळून पाय टाका. 500 आणि 200 हे सगळ्या स्पर्धा धरून आहेत. स्टॉक्सब्रिजचे 107 आणि 66 फक्त लीगचे. मोबाईलवरच्या तक्त्यांत बहुतेक वेळा फक्त लीगचेच सामने धरतात, कपस्पर्धा वेगळ्या. नॉन-लीगच्या स्ट्रायकरला याचा मोठा फटका बसतो, कारण खालच्या क्लबांना एफए (फुटबॉल असोसिएशन) कपच्या पात्रता फेऱ्या, एफए ट्रॉफी, जिल्ह्याचे कप असं बरंच काही खेळावं लागतं. कुणी म्हणालं "तीनशे गोल" आणि तक्ता म्हणाला 190, तर दोघंही खरं बोलत असू शकतात. शिवाय खालच्या पायऱ्यांचे जुने आकडे क्लबातल्या एखाद्या हौशी म्हाताऱ्यानं वहीत उतरवलेले असतात. वही हरवली की गोलही गेले.

क्लबांची लांबलचक यादी बघून "हा टिकत नाही कुठं" असं म्हणायचा मोह होतो. तोही आवरा. अर्ध-व्यावसायिक खेळाडू बऱ्याचदा कराराशिवाय, नुसत्या नोंदणीवर खेळतो. दुसऱ्या क्लबानं त्याच्या क्लबाला सात दिवसांची सूचना दिली की त्याच्याशी बोलायला मोकळा. एखाद्या मालकाचा धंदा बसला की जानेवारीत पगाराचं बजेट निम्मं होतं आणि सर्वांत आधी स्ट्रायकर सोडला जातो, कारण सर्वांत जास्त पैसे त्यालाच असतात. कधी त्याची नोकरी दुसऱ्या गावी बदलते, आणि मंगळवारी सात वाजता सरावाला पोचणं जमत नाही. पंधरा वर्षांत बारा क्लब म्हणजे चंचल स्वभाव नव्हे. आपल्याकडं एका माणसानं बारा वर्षांत सात ट्रॅक्टर चालवले असतील तर आपण त्याला चंचल म्हणत नाही. मालक बदलले, एवढंच.

वार्डीची गोष्ट सांगून थांबलो तर मात्र मी फसवणूक केली असं होईल. इयान राइट आहे, मिरोस्लाव क्लोजे आहे, अशी नावं सगळेच घेतात. राइट जवळजवळ बावीस वर्षांचा होईपर्यंत रविवारच्या आणि नॉन-लीगच्या फुटबॉलमध्ये होता, 1985 मध्ये क्रिस्टल पॅलेसनं घेतला आणि पुढं आर्सेनलसाठी त्यानं 185 गोल केले. त्याच्या आधीच्या क्लबाला मोबदल्यात व्यायामाची वजनं मिळाली होती. क्लोजे जर्मनीत सुतारकाम शिकला, विशीपर्यंत खालच्या पायऱ्यांवर खेळला आणि विश्वचषकात 16 गोल करून सगळ्यांत पुढं गेला. ऐकायला छान आहे. पण यांच्यामागं हजारो असे आहेत जे तितकेच गोल मारत तिथंच राहिले, आणि त्यातल्या बऱ्याच जणांना कुणी अडवून ठेवलं नव्हतं. ते स्वतः राहिले.

हिशोब साधा आहे. समजा, माणूस सव्वीस वर्षांचा आहे, पक्की नोकरी आहे, शिवाय आठवड्याचे सामन्याचे पैसे. दोन्ही मिळून घर नीट चालतं. मग लीग टूचा एक क्लब येतो आणि म्हणतो, नोकरी सोड, पूर्णवेळ ये, एक वर्षाचा करार. पगार दोन्ही मिळून येतो त्याहून कमी, किंवा जेमतेम तेवढाच. वर्षानंतर गुडघा गेला तर? बायको विचारते, सासरा विचारतो. आपल्याकडं असता तर सगळ्या गल्लीनं विचारलं असतं. तो नाही म्हणतो आणि पुढची दहा वर्षं खालच्या पायरीवर गोल करत राहतो. तक्त्यात ते अपयशासारखं दिसतं. घरात तसं दिसत नाही.

1972 मध्ये नॉन-लीगच्या हेरफर्डनं एफए कपमध्ये सर्वांत वरच्या पायरीवरच्या न्यूकॅसलला हरवलं, तेव्हा चिखलातून तीस यार्डांवरून बरोबरीचा गोल ठोकणारा रॉनी रॅडफर्ड सुतारकाम करायचा. तो स्ट्रायकर नव्हता, मधल्या फळीतला होता, पण हे लिहिल्याशिवाय मला पुढं जाववत नाही.

भारतात हे गणित उलटं बसवलेलं आहे. तिकडं नोकरी एकीकडं आणि फुटबॉल दुसरीकडं. इकडं फुटबॉलमुळंच नोकरी लागते. पोलीस, रेल्वे, बँक, मुंबईत एकेकाळी मफतलाल आणि ऑर्के मिल्ससारख्या गिरण्या, एअर इंडिया, महिंद्रा. खेळाडू कागदावर कारकून किंवा शिपाई, प्रत्यक्षात स्ट्रायकर. सर्वांत ठळक नाव आय. एम. विजयन. त्रिशूरच्या स्टेडियममध्ये सोडा विकणारं पोरगं, केरळ पोलिसांच्या संघात गेलं, 1990 मध्ये त्या संघानं फेडरेशन कप जिंकला, आणि पुढं विजयन मोहन बागानला गेला, भारताचा कर्णधार झाला. पोलिसांची नोकरी लागली हाच त्याचा पहिला करार म्हणायचा. अशा संघांची अडचण एवढीच की कंपनीनं हात आखडला की संघ जातो. महिंद्रा युनायटेड 2010 मध्ये बंद झाला.

आपल्या शेजारी कोल्हापुरात तिसरीच तऱ्हा. तिथं क्लब म्हणजे तालीम मंडळं. पाटाकडील, दिलबहार, शिवाजी, बालगोपाल अशी नावं, आणि शाहू स्टेडियमवर पेठेपेठेची ईर्षा. संघ बाहेरगावचे, कधी परदेशी खेळाडूही आणतात. सांगली-मिरजेतला चांगला पोरगा तिथं जाऊन खेळू शकतो. आमच्याकडं कुस्ती आणि कबड्डी पहिली, फुटबॉल उरलेल्या मैदानावर.

ज्याच्यामुळं मला हे सगळं थोडंफार कळतं तो आमच्या गल्लीतला स्ट्रायकर. नाव लिहू नका म्हणाला. वय 31. हळद पॉलिश करायच्या कारखान्यात कामाला आहे. ड्रममधून हळकुंडं फिरून बाहेर पडतात, त्याची पोती भरायची, शिवायची, उचलायची. सामन्याच्या दिवशी पांढरे मोजे घालतो आणि काढतो तेव्हा घोट्यापाशी पिवळे पट्टे असतात. नखांतली हळद साबणानं जात नाही, बायकोनं नाद सोडलाय. सांगली, मिरज, इचलकरंजी, गडहिंग्लज, जिथं स्पर्धा असेल तिथं जातो. सामन्यामागं पाचशे, फायनलला हजार, पेट्रोल वेगळं. एकदा एका संघानं फायनल जिंकून बक्षिसाची रक्कम घेतली आणि याचे पैसे "पुढच्या आठवड्यात" म्हणून सांगितले. तो आठवडा अजून आलेला नाही.

परवा भाच्याला त्याच्याकडं घेऊन गेलो. म्हटलं, वार्डी राहू दे, इथला तक्ता बघ.

"दादा, तुमचे एकूण गोल किती?"

तो आत गेला आणि भिंतीवरची दिनदर्शिका काढून घेऊन आला. मागच्या वर्षीचीही जपून ठेवलेली होती. तारखांच्या चौकटीत दोन रंग. निळ्या पेननं दुधाचे खाडे, ते त्याच्या बायकोचं खातं. लाल पेननं उभ्या रेघा, एक रेघ एक गोल. काही रेघांवर वर्तुळाची खूण. "ती पेनल्टी," तो म्हणाला. "ती मी धरत नाही." एका रविवारी दूध आलं नव्हतं आणि गोल तीन होते. पोरगं बोट ठेवून मोजत सुटलं. ऑक्टोबरात सात. नोव्हेंबरात नऊ. डिसेंबरात अकरा, जानेवारीत आठ. दुसऱ्या वर्षाची दिनदर्शिका घेतली, तीही जवळपास तशीच.

मग पोरानं दोन्ही वर्षांची पुढची पानं शेजारी शेजारी ठेवली. "दादा, दोन्ही मार्चमध्ये एक-एकच? लागलं होतं का तुम्हाला?"

"नाही रे," तो म्हणाला. "मार्चमध्ये हळद येते."